उजव्या नाकपुडीचा शकुन

अप्पांचा दिवस माझ्या नाकापासून सुरू व्हायचा.

आंघोळ आटोपली, कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढली, टोपी झटकून डोक्यावर ठेवली, की वडील ओसरीतून हाक मारायचे, "माय, इकडं ये गं." मी चुलीपाशी असो नाहीतर अंथरुणात, उठून जायचे. ते वाकायचे आणि उजव्या हाताचं पहिलं बोट आडवं माझ्या नाकाखाली धरायचे. "सोड." मी श्वास सोडायचे. माझा श्वास उजव्या नाकपुडीतूनच यायचा, डावीतून कधीच नाही. बोटाला तिथं ऊब लागली की अप्पांचा चेहरा असा निवळायचा, की वाटावं कुणीतरी त्यांच्या पाठीवरचं पोतं उतरवून घेतलं. "चालू हाय," म्हणायचे, उजवा पाय आधी उंबऱ्याबाहेर टाकायचे आणि गंजातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, दुकानाकडं निघून जायचे. दुकान आडतीचं, म्हणजे शेतकऱ्यांचा माल उतरवून घ्यायचा आणि सौद्यात विकून द्यायचा.

हे आता कुणाला सांगितलं तर लोक हसतात. हसू देत. आमच्या लातूरच्या गंजात तेव्हा बरेच व्यापारी नाक बघून घराबाहेर पडायचे. माणसाचा श्वास काही वेळ उजवीकडून जास्त चालतो, काही वेळ डावीकडून. उजवा तो सूर्यस्वर, डावा चंद्रस्वर. सौदा करायचा, भाव तोडायचा, तर सूर्यस्वर पाहिजे. सोयरीक जुळवायची, गावाला जायचं, तर चंद्रस्वर. आणि दोन्ही सारखेच चालत असले तर काहीच करायचं नाही. सौदा नाही, प्रवास नाही, गुमान महादेवाचं नाव घेत बसायचं. अप्पांचा स्वतःचा स्वर नेमका सौद्याच्या वेळी डावा निघायचा. मग ते दुकानातल्या गादीवर डाव्या कुशीवर आडवे व्हायचे, कारण डाव्या कुशीवर पडलं की उजवी नाकपुडी मोकळी होते. बाहेर शेतकरी उभे, हमाल उभे, आणि आमचे अप्पा लोडाला टेकून कुशीवर! अव्वा, म्हणजे माझी आई, म्हणायची, "दुसऱ्याची माणसं अक्कल लढवतेत, आमचं माणूस कूस बदलतंय."

अशा माणसाच्या घरात एक पोरगी निघाली, जिचा सूर्यस्वर बारा महिने तेरा काळ चालू. अप्पांना महादेवच पावला म्हणा ना. स्वतःचं नाक बघायचं त्यांनी सोडूनच दिलं. माझंच बघायचे. थोडी मोठी होईपर्यंत मला बरोबर दुकानातही न्यायचे, गादीच्या कोपऱ्यात बसवायचे. सौदा लागायच्या आधी एकदा बोट धरायचे आणि मग दस्तीखाली, म्हणजे रुमालाआड, दुसऱ्या व्यापाऱ्याची बोटं धरून भाव ठरवायला जायचे. मला त्याचा लई तोरा होता. शाळेतल्या पोरींना मी सांगायचे, माझ्याशिवाय गंज उघडत नाही.

पण त्या तोऱ्याचं दुसरं टोक मलाच माहीत होतं. मला श्वास पुरत नव्हता. एका नाकपुडीनं पोट भरत नाही, मग तोंड उघडं. झोपेत उघडं, अभ्यास करताना उघडं. "तोंड मीट गं, माशी जाईल," ही आमच्या घरातली रोजची आरती. जेवताना घास तोंडात असला की श्वास अडायचा, म्हणून मी घास गिळायची घाई करायचे आणि ठसका लागायचा. सर्दी झाली तर बघायलाच नको. दुपारी शाळेत डोळे जड व्हायचे. बाई फळ्यावर काहीतरी लिहितायत, त्यांचा आवाज लांबून, पाण्याखालून आल्यासारखा येतोय, खिडकीतून ऊन वहीवर सरकतंय, आणि मी बसल्या जागी तरंगतेय. माझं लहानपण मला तसंच आठवतं, अर्धं जागं, अर्धं झोपेत. ते स्वप्नाळूपण माझा स्वभाव आहे असं मी कित्येक वर्षं समजत होते. हवा कमी पडत होती, दुसरं काही नाही.

आणि नाक वाकडं होतं. मधेच एक उंचवटा आणि तिथून शेंडा डावीकडं वळलेला. लहानपणी त्याचं काही वाटलं नाही. वाटायला लागलं ते सोळाव्या-सतराव्या वर्षी, आरसा जवळचा वाटायला लागला तेव्हा. पोरी चिडवायच्या, "नाकासमोर चाल म्हणलं तर ही डावीकडं औशाला निघंल!" मी हसायचे आणि घरी येऊन रडायचे. निलंग्याकडून पाहुणे बघायला आले. चहा झाला, नाव-गाव विचारून झालं, आणि त्यातल्या एका बाईनं, मी अजून ट्रे धरून उभी असताना, शेजारणीच्या कानात म्हटलं, "रंग हाय, उंची हाय, नाकाचं तेवढं..." पुढचं तिनं हातानंच केलं, हवेत बोट वाकडं करून. निरोप आलाच नाही. अव्वा भाकरी थापता थापता पुटपुटली, "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं." मी ओरडले, "मी नकटी न्हाई!" ती म्हणाली, "न्हाईस गं माय. नकटीला निदान दोन भोकं चालू असतेत."

अव्वाला एक बंद आहे हे कळलेलं होतं, बघा. ती आडतीवर कधी गेली नव्हती, शकुनावाचून तिचं अडत नव्हतं.

नाक कशानं वाकडं झालं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. दुष्काळात पडली. खेळता खेळता थप्पीवरून पडली, एवढंच. मी तेव्हा सहा-सात वर्षांची. त्या वर्षी गंजात मालच आला नाही. रिकामं बारदान, म्हणजे ज्वारी-तूर भरायची तागाची पोती, घड्या घालून, गठ्ठे बांधून दुकानात छतापर्यंत रचून ठेवलेली. भरलेल्या पोत्यांची थप्पी हलत नाही, तिच्यावर माणूस झोपतो. रिकाम्या बारदानाची थप्पी घसरते. मला आठवत होतं ते इतकंच: वर छताजवळचा झरोका, त्यातून दिसणारा पांढरा धुरळा, त्या धुरळ्यात डुलणारी बैलांची शिंगं, माझ्याच तोंडून निघालेली एक मोठी आरोळी, आणि मग तागाचा वास आणि लोखंडी मापाचा काठ. वर कशी चढले ते आठवत नव्हतं. तोंड एवढं सुजलं होतं म्हणे की डोळे उघडेनात. अव्वानं हळद-तुरटी लावली. दुष्काळात पोरीचं नाक घेऊन कोण हिंडतंय? सूज उतरली आणि सगळे विसरले. त्यानंतर चार-सहा महिन्यांत कधीतरी अप्पांनी गंमत म्हणून माझ्या नाकाखाली बोट धरलं असेल. दुसऱ्या दिवशी धरलं, तिसऱ्या दिवशी धरलं. रोज उजवाच.

मग लातूर जिल्हा झाला. फटाके उडाले, पेढे वाटले गेले, आणि दुकानांच्या पाट्यांवरचं "जिल्हा उस्मानाबाद" पुसायला पेंटर मिळेनासे झाले. कचेऱ्या मिळेल त्या इमारतीत भरल्या. मला टायपिंग येत होतं, त्या गर्दीत मलाही एका कचेरीत नोकरी लागली. जुन्याच छापील कागदांवर उस्मानाबाद खोडून वर लातूरचा शिक्का मारायचा, हे माझं पहिलं सरकारी काम. दिवसभर ठप ठप. दुपारी पंखा फिरायचा, शाईचा ओला वास अर्ध्याच नाकाला लागायचा, आणि मला वाटायचं, असा एक शिक्का माझ्या तोंडावर मारता आला तर? जुनं खोडून नवं.

नोकरीच्या कागदाला फोटो लागत होता. गोलाई चौकाजवळच्या स्टुडिओत गेले. फोटोवाल्यानं स्टुलावर बसवलं, दिवे लावले, एकदा कॅमेऱ्यातून बघितलं, आणि काही न बोलता येऊन माझी हनुवटी दोन बोटांनी डावीकडं वळवली. परत बघितलं, आणखी थोडी वळवली. "असं राहू द्या, ताई. असं बरं येतं." चार दिवसांनी फोटो हातात आला. त्यात एक पोरगी होती, शांत, देखणी, सरळ नाकाची, कुठंतरी लांब बघत असलेली. मी त्या फोटोच्या प्रेमातच पडले! टाइपरायटरच्या खणात ठेवला. काम नसलं की काढून बघायचे. तिला श्वास येत असणार असं वाटायचं, दोन्हीकडून, गार गार. ती निलंग्याच्या बाईसमोर ट्रे घेऊन उभी राहिलीच नसती. तिनं ट्रे खाली ठेवून विचारलं असतं, काय म्हणालात?

नांदेडला नाक-कान-घशाचे एक डॉक्टर वाकडं नाक सरळ करतात, असं कचेरीतल्या बाईंनी सांगितलं, आणि माझं ठरलं. घरी मी फक्त श्वासाचं सांगितलं. "झोप न्हाई लागत मला, ठसका लागतो," वगैरे. खोटं नव्हतं. पण खरं कारण खणातला फोटो होता, आता सांगायला काय जातंय.

अप्पा म्हणाले, "चालू हाय ते बिघडवायचं कशाला?"

"अप्पा, एकच चालू हाय."

"पण चालू हाय ना!"

त्यांच्या डोळ्यांत भीती होती. मला तेव्हा तिचा रागच आला. अकरा वर्षं ह्या माणसानं माझ्या एका नाकपुडीवर दुकान चालवलंय आणि दुसरीची चौकशीसुद्धा केली नाही, असं मनात आलं. मी म्हणाले, "तुम्ही येत असाल तर या, न्हाईतर मी एकटी जाते. पगार माझा हाय." अव्वानं कपाळावर हात मारला. सकाळी बघते तर अप्पा पिशवी घेऊन दारात.

लातूर-नांदेड एसटी तेव्हा रमतगमत जायची. चाकूर, अहमदपूर, लोहा. माझ्या मांडीवर अव्वानं दिलेल्या दशम्या, शेजारी अप्पा, खिडकीबाहेर काळी उघडी रानं. मी डोळे मिटले की तीच रानं आत सुरू व्हायची, फक्त हिरवी. एका डुलकीत मला दिसलं, की मी झरोक्यातून बघतेय आणि रस्त्यावर गाड्याच गाड्या आहेत, ज्वारीनं शिगोशीग भरलेल्या, त्यांची रांग संपतच नाही. जाग आली तेव्हा बस गोदावरीच्या पुलावर होती आणि अप्पा नदीला हात जोडत होते.

डॉक्टर मध्यम वयाचे, मोजकं बोलणारे. त्यांनी एक चकचकीत स्टीलची पट्टी पाण्यातून काढून पुसली आणि माझ्या नाकाखाली आडवी धरली, अगदी अप्पा बोट धरायचे तशीच. "श्वास सोडा." पट्टीवर वाफेचा एक ठसा उमटला. उजवीकडं. डावीकडं पट्टी लख्ख कोरडी.

अप्पांना राहवलं नाही. "तेच म्हणतो मी डॉक्टरसाहेब. सूर्यस्वर हाय तिचा. जन्माचा."

डॉक्टर हसले नाहीत, हे मी त्यांचे उपकार समजते. त्यांनी पट्टी पुसली आणि अप्पांच्या नाकाखाली धरली. दोन ठसे उमटले, एक मोठा, एक लहान. "बघा, तुमचं आत्ता डावं जास्त चालू आहे. थोड्या वेळानं उजवं चालेल. सगळ्यांचं असंच आलटूनपालटून होतं, तुम्ही म्हणता ते खोटं नाही. हिचं बदलत नाही, कारण डावं बंद आहे. आतला पडदा मोडून आडवा झालाय." मग मला म्हणाले, "आतलं मी मोकळं करीन. श्वास येईल. बाहेरचंही सरळ हवं असेल तर हाड जुन्या जागेवरच पुन्हा मोडावं लागेल. छिन्नी-हातोडीनं. विचार करा."

मी विचार बिचार काही केला नाही. म्हणाले, "मोडा."

"न्हाई," अप्पा म्हणाले.

"अप्पा, नाक माझं हाय."

"न्हाई माय. एकदा मोडलंय मी ते."

डॉक्टरांनी मान वर केली. अप्पा माझ्याकडं बघत नव्हते, टेबलावरच्या त्या पट्टीकडं बघत होते. "दुष्काळात. दुकानात दाणा न्हवता. पंधरा-पंधरा दिवस एक गाडी येत न्हवती. मी हिला उचलून बारदानाच्या थप्पीवर बसवायचा, झरोक्यापाशी. म्हणायचा, गाडी दिसली की सांग. रोज बसवायचा. लेकराची नजर चांगली, लांबचं दिसंल म्हणून. एक दिवस ही ओरडली, अप्पा, गाडी आली! मी पळत बाहेर गेलो. हिला उतरवून ठेवायचं सुचलं न्हाई. गाडी बघायला पळालो. गाडीत माल न्हवताच. खडी फोडायला निघालेलं बिऱ्हाड होतं. हंडे, बाज, म्हातारी. मी परत आलो तर ही खाली पडलेली. घरी सांगितलं, खेळताना पडली."

मला सगळं दिसत होतं, धुरळा, शिंगं, आणि आता त्यात काखेत धरून वर उचलणारे दोन हातही दिसायला लागले.

डॉक्टर म्हणाले, "घरी जाऊन ठरवा."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडून तोंड वळवलं नाही. घरी आल्यावरही बोलले नाही. राग? राग म्हणजे काय, अंगाची लाही! पडले त्याचा नव्हता. दुष्काळात माणूस काय काय करतो, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. पण अकरा वर्षं? रोज सकाळी बोट धरून "चालू हाय" म्हणताना ह्यांना एकदाही आठवलं नाही? की आठवत होतं आणि म्हणूनच तो शकुन धरला, म्हणजे मोडलेलं नाक महादेवाच्या खात्यात जाईल आणि ह्यांच्या नाही? हा प्रश्न मी त्यांना कधी विचारला नाही. आजपर्यंत मला त्याचं उत्तर माहीत नाही.

मी सकाळी लवकर आवरून, त्यांची हाक यायच्या आत कचेरीला निघून जायला लागले. आठवडाभर असं चाललं. एक दिवस डबा विसरले म्हणून गल्लीच्या टोकावरून परत फिरले, आणि दार दिसेल अशी जागा आली तिथंच थबकले. अप्पा उंबऱ्याच्या आत उभे होते. टोपी, पिशवी, सगळं तयार. त्यांनी उजवा पाय उचलला, परत ठेवला. मग डावा उचलला, तोही ठेवला. स्वतःच्या नाकाखाली बोट नेलं आणि अर्ध्यातूनच खाली घेतलं. एवढा मोठा माणूस, गंजात ज्याच्या शब्दाला मान, स्वतःच्या घरातून बाहेर कसं पडायचं हेच विसरला होता. मी डबा न घेताच वळले. त्या दिवशी कचेरीत मी उस्मानाबाद खोडायचं विसरून कितीतरी कागदांवर शिक्के मारले, साहेबांची बोलणी खाल्ली.

सुट्टीच्या दुपारी घर निजलेलं असताना मी आरसा घेऊन बसायचे. एक बोट नाकाच्या शेंड्याला लावून ते सरळ रेषेत आणायचे. फोटोतली ती पोरगी यायची. पण समोरून बघताना काहीतरी चुकायचं. डोळे माझे, ओठ माझे, आणि मधे कुणी पाहुणी बसलेली. तिच्याकडं मी पुष्कळ वेळ बघायचे, ऊन भिंतीवरून चढत वर जाईपर्यंत. बोट काढलं की नाक सावकाश आपल्या जागेवर जायचं, आणि मला, काय सांगू, थोडं हायसं वाटायचं. मग हायसं वाटल्याचाही राग यायचा.

शेवटी मी ठरवलं, आतलं करायचं, बाहेरचं नाही. मी अप्पांना माफ केलं म्हणून असं ठरवलं, असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. तसं काही नाही. मी हातोडीला भ्याले. आणि "पुन्हा मोडावं लागेल" हे ऐकताना अप्पांचं तोंड जसं झालं होतं, ते मला परत बघायचं नव्हतं. दोन्ही खरं आहे. पुढं माझं लग्न झालं, चांगलं झालं, आणि नवरा म्हणतो नाक वाकडं आहे हे त्याला वर्षभर कळलंच नव्हतं. खोटारडा मेला! अजूनही एखादा फोटो सामोरा आला की वाटतं, करून घ्यायला पाहिजे होतं बाई.

अव्वाची बहीण नांदेडला राहायची. तिच्या घरी मी आणि अप्पा उतरलो. ऑपरेशनच्या वेळी भूल दिली आणि मी त्याच रस्त्यावर गेले. झरोका, धुरळा, बैलांची शिंगं. पण ह्या वेळी खालून कुणीतरी मला धरून होतं, दोन्ही पाय घट्ट, आणि मी ओरडत नव्हते, नुसती बघत होते. गाडी आली आणि गेली. कुणी पळालं नाही.

दोन दिवस दोन्ही नाकपुड्यांत कापसाच्या पट्ट्या ठासलेल्या. ते दोन दिवस मी सांगत नाही, वैऱ्यावर येऊ नयेत. तोंडानं श्वास, डोळ्यांतून पाणी, मावशीनं चमच्यानं भरवलेलं अर्धापूरचं केळं. अप्पा पलंगाच्या पायथ्याशी बसून असायचे. पट्ट्या काढल्या तेव्हा माझा जीव जातोय असं वाटलं, आणि लगेच, त्याच जागेवरून, काहीतरी आत आलं. गार. डोळ्यांच्या मागं, कपाळापर्यंत, जिथं इतकी वर्षं काहीच गेलं नव्हतं तिथं. मी रडायला लागले. डॉक्टर म्हणाले, "दुखतंय?" मला सांगताच येईना की दुखत नाहीये, हवा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तर तोंड मिटलेलं होतं. आठवतंय तेव्हापासून पहिल्यांदा. मावशीच्या घरात चहा उकळत होता आणि मला आल्याचा वास वेगळा, दुधाचा वेगळा, रॉकेलच्या स्टोचा वेगळा येत होता. अप्पा निघायच्या तयारीत होते. त्या दिवशी गंजात नव्या तुरीचा पहिला सौदा होता. दुष्काळाचं साल सोडलं तर तो सौदा त्यांनी कधी चुकवला नव्हता. सकाळच्या बसनं निघून दुपारपर्यंत पोहोचायचं, असं आधीच ठरलं होतं. टोपी डोक्यावर होती, पिशवी हातात.

ते पलंगाशी आले. "येतो माय," म्हणाले. आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यांचं बोट उठलं, माझ्या तोंडापर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. लाजल्यासारखे झाले. बोट मागं घ्यायला लागले.

मी त्यांचं मनगट धरलं आणि बोट नाकाखाली नेलं. श्वास सोडला.

त्यांनी बोट हलवलं नाही. मी परत श्वास सोडला. त्यांच्या सदऱ्याला बारदानाचा वास येत होता, तागाचा, तुरीच्या भुश्श्याचा, विभूतीचा. एवढी वर्षं मी ह्या माणसाच्या एवढ्या जवळ उभी राहत होते आणि तो वास मला पूर्ण कधी आलाच नव्हता.

"दोन्ही चालू हायत," अप्पा म्हणाले.

"मग?"

"मग काय. दोन्ही चालू असले तर सौदा न्हाई करायचा." त्यांनी टोपी काढली, पिशवी खुंटीला अडकवली. मावशी आतून म्हणाली, "अहो भावजी, बस जाईल की!" ते म्हणाले, "जाऊ द्या." आणि पलंगाजवळ खाली मांडी घालून बसले. दिवसभर बसून होते, मधून मधून माझ्या नाकाखाली बोट धरून बघत.